कुलूप लावलेली खोली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अंधेरी पूर्वेला तेली गल्लीच्या आत आमची चाळ होती. खाली सहा खोल्या, वर सहा खोल्या, मागे सामाईक नळ आणि पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. आम्ही वरच्या मजल्यावर आठ नंबरमध्ये राहत होतो. शेजारच्या सात नंबरच्या दाराला माझ्या आठवणीतली बरीच वर्षे कुलूपच होते. तिथले काका १९७९ साली बोरिवलीला स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायला गेले. चाळीचे भाडे मात्र ते नेमाने भरत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका येत, कुलूप काढत, खिडकी उघडत, स्टोव्ह पेटवून चहा करत, माझ्या वडिलांशी गप्पा मारत आणि दुपारच्या जेवणाआधी परत जात.

१९८४ साली चाळीच्या मालकांनी, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, काकांवर दावा लावला. खोली सहा महिन्यांहून अधिक काळ वापरात नाही, सबब ताबा मिळावा, अशी मागणी होती. आणि साक्षीचे समन्स आले माझ्या वडिलांना.

त्या दाव्याचे पुढे काय झाले ते सांगणारच आहे. मी वकील नव्हे. उपनगरांचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. पण या विषयात शिरलो तो त्या समन्सामुळेच. भाडे वेळच्या वेळी भरणाऱ्या माणसाला, केवळ तो तिथे राहत नाही एवढ्या कारणावरून, खोलीबाहेर काढता येते का? येते. तसे कलम आपल्या कायद्यात १९४७ पासून आहे. ते का आले आणि उपनगरांत त्याचे काय झाले, ते आज पाहू.

भाडेनियंत्रण हे मुळात युद्धाचे अपत्य. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी वाढवली, तेव्हा तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या. भाडे न देण्याचा संप झाला आणि १९१५ साली ब्रिटिश सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. तीनच वर्षांत, १९१८ साली, मुंबईतही युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा आला. तो तात्पुरता होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या १९३९ साली पुन्हा कायदा, १९४४ साली आणखी एक, आणि मग या सगळ्यांची जागा घेणारा १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला.

त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. १९४३ पासून शहरात रेशनिंग होते. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत १९४१ साली सुमारे १८ लाख माणसे होती. १९५१ साली ती ३० लाखांच्या घरात गेली. फाळणीनंतर आलेली निर्वासित कुटुंबे चेंबूरच्या कॅम्पात आणि मुलुंड कॉलनीत वसली. धान्य जसे मोजून वाटायचे, तसेच छप्परही मोजून वाटावे, अशी सरकारची भूमिका होती. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते ते प्रमाणभूत धरले गेले. नंतर बांधलेल्या इमारतींना पहिल्यांदा जे भाडे ठरले, तेच लागू झाले. भाडे भरणाऱ्याला मालकाने मनास येईल तसे काढायचे नाही. कायद्यात लिहिलेले एखादे कारण न्यायालयापुढे सिद्ध करायचे.

या कारणांची यादी कलम १३ मध्ये होती. भाडेकरूने परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, मालकाला स्वतःला जागेची खरोखर गरज आहे, भाडेकरूने दुसरे योग्य घर मिळवले, अशी ती यादी. त्यातच एक कारण असे होते : ज्या कामासाठी जागा दिली, त्या कामासाठी ती दाव्याच्या तारखेच्या लगतपूर्वी सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, वापरली गेली नसेल तर मालकाला ताबा मिळू शकतो.

या एका वाक्यात चार अटी आहेत, आणि उपनगरांतले कित्येक दावे या चारांभोवतीच फिरले आहेत.

पहिली अट, 'ज्या कामासाठी जागा दिली'. राहायला दिलेल्या खोलीत फक्त जुने सामान ठेवले, तर ते राहणे झाले नाही. दुकानासाठी घेतलेल्या गाळ्याचे शटर महिनोन्महिने खाली असेल, तर आत कपाट आणि काउंटर आहे एवढे सांगून भागत नाही. दुसरी अट 'सलग', आणि तिसरी 'दाव्याच्या लगतपूर्वी'. भाडेकरू वर्षभर बाहेर होता, पण दावा लागण्याआधीच परत येऊन खरोखर राहू लागला, तर हे कलम लागू होत नाही. पोटभाडेकरूच्या बाबतीत याउलट आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने याच मुंबई कायद्याखालील एका प्रकरणात सांगितले की, बेकायदा पोटभाडेकरू दाव्यापूर्वी निघून गेला तरी भाडेकरूची चूक पुसली जात नाही. ठेवलेला पोटभाडेकरू कायदा विसरत नाही. लावलेले कुलूप मात्र वेळेत उघडले तर विसरतो. चौथी अट 'वाजवी कारण'. तिच्याकडे पुढे येतो.

आणखी एक बारकावा सांगायला हवा. मालक जेव्हा स्वतःच्या गरजेसाठी जागा मागतो, तेव्हा न्यायालय दोघांच्या अडचणींचे वजन करते : जागा गेली तर भाडेकरूचे अधिक हाल की न मिळाली तर मालकाचे? न वापरलेल्या जागेच्या दाव्यात हा तराजू नाही. जो राहतच नाही, त्याचे हाल मोजायचे कशाला, असा त्यामागचा विचार. म्हणून हा दावा सिद्ध झाला की भाडेकरूला फारसा आडोसा उरत नाही.

विलायतेत हीच गोष्ट न्यायाधीशांनी कायद्यातून वाचून काढली. १९३१ साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले, की भाडेकायदा घरात राहणाऱ्याला जपण्यासाठी आहे. दुसरीकडे राहून हक्क धरून ठेवणाऱ्यासाठी नाही. मग १९४८ साली 'ब्राउन विरुद्ध ब्रॅश' हा निकाल आला. भाडेकरूला दोन वर्षांची कैद झाली होती. घरात त्याची माणसे होती तोवर प्रश्न नव्हता. पण तीही निघून गेली आणि मागे थोडेसे सामान उरले. न्यायालय म्हणाले, परत येण्याचा नुसता मनसुबा पुरत नाही. त्या मनसुब्याची डोळ्यांना दिसणारी खूण घरात हवी. तिथे न्यायाधीशांनी तत्त्व घडवले. मुंबईच्या विधिमंडळाने त्याच सुमारास सरळ सहा महिन्यांचा आकडा लिहून टाकला.

आता उपनगरांकडे वळू. १९५० आणि १९५७ साली हद्दी वाढून अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही गावे मुंबई महापालिकेत आली. स्टेशनाजवळ दुमजली चाळी आणि एक खोली-स्वयंपाकघराच्या भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या होत्याच. पण भाडे गोठलेले असल्यामुळे नवी भाड्याची इमारत बांधण्यात कुणाला रस राहिला नाही. बांधायचे ते विकायला. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांच्या आधारे 'ओनरशिप'चे ब्लॉक वाढू लागले. मग कारकून, शिक्षक, गिरणीतले जॉबर पै-पै साठवून, सोसायटीचे कर्ज काढून, दोन स्टेशने पुढे स्वतःचा ब्लॉक घेऊ लागले. अंधेरीचा माणूस बोरिवलीला, घाटकोपरचा मुलुंडला, मुलुंडचा डोंबिवलीला. जुनी खोली मात्र कुणी सोडीना.

का सोडावी? भाडे तीस-चाळीस रुपये. खोली शेठना परत केली तर हातात काही पडत नव्हते. पागडी घेऊन दुसऱ्याला दिली तर तो १९४७ च्या कायद्याखाली गुन्हा. चालायची सगळीकडे, पण चोरून. मुलाचे लग्न झाले की त्याला होईल, गावचा भाचा शिकायला आला की राहील, म्हातारपणी स्टेशनजवळ बरे, अशा आशेवर कुलूप लागायचे.

दुसऱ्या बाजूलाही कुलपे होती. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना १९७३ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते ते भाडेकरू मानले गेले. राहणाऱ्यांना मोठा दिलासा मिळाला, पण ब्लॉकमालकांच्या मनात धडकी भरली. जागा एकदा दिली की गेली, असे म्हणत कित्येकांनी रिकामे ब्लॉक रिकामेच ठेवले. म्हणजे भाडेकरू सोडायला भितो आणि मालक द्यायला भितो. दोघांची भीती एकाच कायद्यातून आलेली, आणि मधल्या मध्ये रिकाम्या खोलीला कुलूप. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली. त्यांची कारणे अनेक आहेत, पण ही दुहेरी भीती त्यांतले एक जुने कारण.

एखादी खोली वापरात नाही हे न्यायालयात सिद्ध कसे करायचे? पहिली जबाबदारी मालकाची. आणि इथे उपनगरांतला सगळ्यांत बोलका साक्षीदार म्हणजे विजेचे मीटर. शहरात वीज बेस्टची. अंधेरी-बोरिवलीकडे १९२९ साली स्थापन झालेल्या बीएसईएसची, मुलुंडला राज्य वीज मंडळाची. कंपन्यांची नावे पुढे बदलली, पण मीटरचा स्वभाव तोच. माणूस राहत असेल तर आकडा चढतो. दर बिलात शून्य किंवा एक-दोन युनिटे असतील, तर वकिलाला फार बोलावे लागत नाही. मग रेशनकार्डावरचा पत्ता, मतदारयादी, गॅसचे कार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले आणि 'दार बंद' असा शेरा मारून परत आलेली रजिस्टर पाकिटे. आणि या सगळ्यांनंतर शेजारी.

माझ्या वडिलांची पाळी अशी आली. काकांशी त्यांचा वीस वर्षांचा घरोबा. समन्स आल्यापासून वडील नीट जेवेनात. आई म्हणाली, "आठवत नाही म्हणून सांगा." वडील म्हणाले, "भिंतीला भिंत लागून आहे. आठवत नाही कसं म्हणू?"

लघुवाद न्यायालयात त्यांनी सांगितले ते एवढेच : सात नंबरमध्ये महिन्यातून एकदा दिवा किंवा स्टोव्ह लागतो, रात्री कुणी झोपत नाही, १९७९ पासून असेच आहे. काकांच्या वकिलांनी विचारले, "माझे अशील परत राहायला येणार होते, हे खरं ना?" वडील म्हणाले, "ते मला माहीत नाही. तसं ते मला कधी बोलले नाहीत." निकाल काकांच्या विरुद्ध गेला. महिन्याला एक कप चहा म्हणजे राहणे नव्हे, असा त्याचा मथितार्थ. काकांनी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढे अपील केले. ते चालू असताना तडजोड झाली, काही रक्कम मिळाली आणि १९९१ साली त्यांनी किल्ली दिली. त्यानंतर कित्येक वर्षे काका आमच्याकडे आले नाहीत.

आता चौथी अट, वाजवी कारण. मालकाने जागा वापरात नसल्याचे दाखवले, की आपण का नव्हतो हे भाडेकरूने सांगायचे. याची यादी कायद्यात नाही, आणि नाही हे चांगलेच. आजारपण, सरकारी नोकरीतली बदली, मोडकळीला आलेले छप्पर, दंगल, पूर. १९९२-९३ च्या दंगलीत घर सोडून गेलेला माणूस किंवा २६ जुलै २००५ नंतर तळमजल्याची खोली सोडून नातेवाइकांकडे गेलेला माणूस आणि मौजेने दुसरीकडे राहणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला होता. भिंती वाळायलाच महिने गेले. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर गावी गेलेल्यांचाही प्रश्न याच जातीचा. कारण खरे आहे का, ते संपल्यावर माणूस परत आला का, आणि मधल्या काळात घर आपले ठेवल्याची खूण होती का, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे तपासावे लागते.

हे मला पुस्तकातून नव्हे, घरातूनच कळले. १९९६ साली आईला अर्धांगाचा झटका आला. वरच्या मजल्यावर लाकडी जिना, संडास खाली. वडील तिला घेऊन मुलुंडला बहिणीकडे गेले. आठ नंबरला कुलूप लागले. आठ महिन्यांनी शेठच्या वकिलांची नोटीस आली. कलम तेच, शब्द जवळजवळ तेच.

पण तोपर्यंत वडिलांची कागदांची पिशवी तयार होती. आई आजारी पडल्यावर पंधरा दिवसांनी सात नंबरचे काका मुलुंडला तिला बघायला आले होते. मधल्या वर्षांचा विषय कुणी काढला नाही. निघताना ते वडिलांना म्हणाले, "शेठना आजच्या तारखेचं रजिस्टर पत्र टाक. का गेलात, कुठे आहात, बरं वाटलं की परत येणार, सगळं लिही. खाट, भांडी, देव हलवू नकोस. इस्पितळाचा एकही कागद फेकू नकोस." वडिलांनी अक्षरशः तसे केले होते. आमच्या वकिलांनी नोटिशीला उत्तर देताना त्या पत्राची पोच आणि डॉक्टरांचे दाखले जोडले. दावा लागला नाही. आई काठी घेऊन चालू लागल्यावर दोघे परत अंधेरीला आले.

पुढे कायदा बदलला. गोठलेल्या भाड्याची तरतूद आता वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये 'मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सांगितले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली. चाळीस रुपयांवर पहिल्या वर्षीची वाढ होते एक रुपया साठ पैसे! पागडीच्या व्यवहाराला कायद्यात जागा मिळाली. सहा महिन्यांचे कलम मात्र कलम १६ मध्ये, पोटकलम (१) च्या खंड (एन्) मध्ये, जवळजवळ जसेच्या तसे आले. उपनगरांतले असे दावे लघुवाद न्यायालयाच्या वांद्रे शाखेत चालतात.

आज या कलमाचे वजन वाढले आहे ते पुनर्विकासामुळे. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी योजना फार पूर्वीपासून होती. उपनगरांतल्या भाड्याच्या जुन्या इमारती तिच्यात बसत नव्हत्या. २०१८ साली लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीत, विनियम ३३(७)(अ) खाली, त्यांच्यासाठी वाट झाली. आता ज्याचे नाव भाडेकरूंच्या यादीत, त्याला नव्या इमारतीत घर. चाळीस रुपये भाड्याच्या खोलीची किंमत एकदम लाखांत, कोटींत. साहजिकच बिल्डर येण्याची कुणकुण लागली की परगावी गेलेले भाडेकरू खोली झाडायला येतात, आणि मालक विजेची बिले गोळा करू लागतात.

अशा वेळी लोक विचारतात, कायदा कुणाच्या बाजूचा? मला वाटते, या कलमापुरता तरी तो राहणाऱ्याच्या बाजूचा आहे. १९४७ साली छपराची टंचाई होती, म्हणून भाडेकरूला संरक्षण मिळाले. आणि त्याच टंचाईमुळे, जो राहत नाही त्याचे संरक्षण काढून घेण्याची सोयही त्याच कायद्यात ठेवली गेली. संरक्षण आहे ते वास्तव्याला. नुसत्या पावतीला आणि किल्लीला नाही. पण आजाराने, पुराने, भीतीने घर सोडावे लागलेल्या माणसाला हाच कायदा विचारतो, की तू का गेलास. आणि उत्तर खरे असेल तर त्याचे दार त्याच्यासाठी राखून ठेवतो.

आमची चाळ आता नाही. ती पाडायच्या आदल्या दिवशी मी वर जाऊन आलो. सात नंबरचे दार उघडेच होते. आत भिंतीवर स्टोव्हच्या काजळीचा एक लहानसा काळा डाग होता, ताटलीएवढा. आमच्या आठ नंबरची स्वयंपाकाची भिंत मात्र छतापर्यंत काळी होती.